मशीन घरी आलं

आमच्या कंपनीचं ऑफिस बंद झालं ते कंपनी बुडाली म्हणून नव्हे. उलट बरं चाललं होतं. ठिबकच्या नळ्या विकणारी बीडमधली छोटी कंपनी; साहेब मालक, फिरतीवर दोघे जण, एक धारूरचे अन् एक वडवणीचे, टायपिंगला मी, आणि ऑफिस उघडणारे, चहा करणारे म्हातारे चाचा. पण त्या वर्षांत गल्लोगल्ली एसटीडीचे पिवळे बोर्ड लागले, तालुक्याच्या गावी फॅक्स आला, आणि साहेबांच्या डोक्यात शिरलं की आता जागा कशाला पाहिजे? धारूरवाल्यांनी धारूरहून काम करावं, वडवणीवाल्यांनी वडवणीहून, साहेब स्वतः औरंगाबादला राहणार, आणि फोन अन् टाइपरायटर माझ्या घरी. "मॅडम, आता तुम्हीच ऑफिस," असं वर म्हणाले. उंटावरून शेळ्या हाकायची हौस, दुसरं काय.

धारूरवाले खूश झाले. वडवणीवाले त्याहून खूश, रोजचे एसटीचे धक्के वाचले. मला एकटीला ते नको होतं. का नको, ते या पुरुषांना सांगण्यासारखं नव्हतं.

तेविसाव्या वर्षी मी विधवा होऊन थोरल्या भावाच्या घरी परत आले. अण्णांचं किराणा दुकान. घर वाईट नव्हतं, ताटात कुणी कधी कमी वाढलं नाही. आम्ही लिंगायत, आमच्यात गळ्यात लिंग असतं. रोजची लिंगपूजा ज्याची त्यानं करायची, बाईला नवरा असो की नसो. पण हळदीकुंकवाचं ताट निघालं की मी आपली मागच्या खोलीत. देवाला मी चालत होते, वैनीला चालत नव्हते.

नोकरीला लागले त्या पहिल्याच वर्षी खंडेनवमी आली. ज्याचं जे हत्यार त्याची त्या दिवशी पूजा. साहेबांनी नारळ आणला, धारूरवाल्यांनी मोटारसायकल धुऊन पायऱ्यांशी लावली, मी सवयीनं दाराकडे सरकले. तर चाचांनी ताट उचललं आणि सरळ माझ्या हातात दिलं. म्हणाले, "मशीन तुमची हाय बाई, पूजा बी तुमीच करा." बाकी तिघांना नियम चांगला पाठ होता. पण ताट हातात आलेल्या बाईला ते खाली ठेव म्हणायला कुणाची जीभ उचलली नाही. मी टाइपरायटरच्या कडेला हळद लावली, कुंकू लावलं. मग खाली जाऊन मोटारसायकलीलाही लावलं. मागे वळून बघते तर चौघंही हात जोडून उभे. तेव्हापासून दर वर्षी ताट माझ्याकडेच यायचं. चाचांना आमच्यातलं काही ठाऊक नव्हतं म्हणून तसं झालं, की त्यांनी मुद्दाम केलं, हे मी कधी विचारलं नाही. विचारायला पाहिजे होतं.

तर ते ऑफिस आता जात होतं. त्या जागेत कॉम्प्युटर क्लास आला. चाचा चकलांब्याला लेकाकडे राहायला गेले. मशीन हातगाड्यावर बसून आमच्या घरी आलं, आणि फोन लागला तेव्हा तर अण्णांनी शेजारपाजाऱ्यांना पेढे वाटले.

वैनी काही दुष्ट बाई नव्हती. पण मी दिवसभर डोळ्यांसमोर दिसायला लागले. "तुमी घरीच हायत ना," म्हणून आधी ज्वारी निवडायला दिली, मग दूधवाला, मग पाहुण्यांचा चहा. फोन वाजला की तीच उचलायची आणि धारूरवाल्यांना सांगायची, "त्या भाकरी टाकायल्यात, मग करा." धारूरवाले हसायचे, मला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं. ऑफिसात दुपारी डबे उघडून आम्ही पाच जण बसायचो, कुणाच्या भाजीत मीठ जास्त यावर वाद घालायचो. आता मी स्वयंपाकघरात सगळ्यांच्या मागून जेवत होते. दोन महिन्यांत मॅडम गेली आणि अण्णांची बहीण तेवढी उरली.

अशात खंडेनवमी आली. अण्णांनी दुकानातला तराजू, वजनं, मापं ओळीनं मांडली. मी माझं मशीन पुसलं, ब्रशनं एकेक अक्षर साफ केलं आणि ओळीच्या टोकाला ठेवलं. वैनीनं तराजूला कुंकू लावलं, वजनांना लावलं. ती मशीनपाशी आली तसा मी ताटाकडे हात केला.

"राहू द्या वन्सं," ती म्हणाली. आवाज अगदी मऊ होता. "सणाचा दिवस हाय."

मी अण्णांकडे बघितलं. म्हटलं, "मशीन माझं हाय."

अण्णा तराजूची साखळी सरळ करत होते. मान वर न करता म्हणाले, "मशीन तुझं हाय गं. पण घर?"

वैनीनं माझ्या मशीनला कुंकू लावलं ते नेमकं रबरी रोलरवर, कागद चढतो तिथं. दसऱ्यानंतरच्या पहिल्याच पत्रावर लाल डाग उमटला. पत्र फाडून मी पुन्हा टाइप केलं.

राग तर मला लई आला होता. साहेबांना फोन लावला आणि म्हटलं, घरी जमत नाही, जागा बघा. ते हसले. घरबसल्या पगार मिळतोय मॅडम, लोक तरसतात त्याला, म्हणाले. आता काय सांगणार? माझ्या हातात पूजेचं ताट पाहिजे म्हणून खोली घ्या, असं कुठल्या साहेबाला सांगतात? म्हटलं, घरात गलका असतो, फोन ऐकू येत नाही. ते मात्र त्यांना पटलं.

पिठाच्या गिरणीवरची एक खोली मिळाली. अण्णांना ते पसंत नव्हतं. विधवा बहीण एकटी खोलीत बसते, लोक काय म्हणतील, हीच चिंता. लोक म्हणालेही असतील, लोकांना काय काम असतं? मी रोज दहाला डबा घेऊन जायची आणि सहाला परत यायची. फोन मीच उचलत होते. मला वाटलं, जिंकले.

पुढच्या खंडेनवमीला मी आठ दिवस आधीच फिरतीवरच्या दोघांना फोन केले, इकडेच या म्हटलं, पूजा करू, जेवू. दोघंही बघतो म्हणाले. चकलांब्याला चाचांना कार्ड टाकलं. त्या दिवशी सकाळी खोली धुतली, झेंडूचा हार केला, नारळ आणला आणि वाट बघत बसले. बारा वाजून गेले तेव्हा धारूरला फोन लावला.

"गाडीची पूजा हितंच झाली की मॅडम," धारूरवाले म्हणाले. "मिसेसनं केली. आता कावून इतक्या लांब यायचं?"

वडवणीलाही तेच. त्यांचं काही चुकलं नव्हतं. ऑफिस घरी गेल्यावर पूजा घरचीच सवाष्ण करणार. चाचांचं तर काही उत्तरच नव्हतं.

मग मी एकटीनं केली. ताट माझं मीच उचललं, माझं मीच खाली ठेवलं, आणि रडू फुटलं. कुंकू तर मी कुठंही लावलं असतं, दार लावून घरीसुद्धा. मला ते बघणारी माणसं पाहिजे होती.

खालची गिरणी बंद होती, तिचीही पूजा होती. पूजलेल्या हत्याराला त्या दिवशी हात लावत नाहीत, म्हणून टायपिंगही नाही. लवकर घरी जावं तर वैनीनं ओळखलं असतं. मी हात मांडीवर घेऊन बसून राहिले आणि सहा वाजता कुलूप लावलं.

घरी पोचले तर वैनीनं विचारलंच, कोण कोण आलतं पूजेला?

"सगळे आलते," मी म्हटलं.