काळ्या मातीवरचं कोर्ट

माझ्या खेळाला पेपरवाले ‘आक्रमक’ म्हणायचे. सर्व्हिस केली की मी जाळीकडे धावत सुटायचो आणि चेंडूचा टप्पा पडूच द्यायचो नाही. त्यात आक्रमण कसलं डोंबलाचं. ती भीती होती, आणि ती बाबांनी घातली होती.

पुसदजवळच्या आमच्या वावरात, कापसाच्या गोदामाशेजारी, बाबांनी मला कोर्ट करून दिलं. टीव्हीवर पाहून त्यांच्या डोक्यात टेनिस शिरलं होतं. आमच्याकडे साधी न्हाणी बांधायची तरी आधी काळी माती उपसतात आणि मुरूम भरतात. काळी माती उन्हाळ्यात फाटते हे शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. बाबा तर जन्माचे कास्तकार. गोदामासाठी त्यांनी कंबरभर खोदलं होतं. कोर्टावर मात्र वीतभर मुरूम पसरला, रोलर फिरवला आणि हात झटकले. होळी सरली की पाऊल जाईल एवढ्या भेगा पडायच्या. चेंडू भेगेत पडला तर तिथेच बसायचा, काठावर पडला तर तोंडावर यायचा. त्यात माझा पुढचा दात गेला. तेव्हापासून मी टप्प्याची वाट पाहणं सोडलं.

एवढ्या भांडवलावर मी सहा वर्षं व्यावसायिक टेनिस रेटलं. छोट्या स्पर्धा, पहिल्या-दुसऱ्या फेरीत गाशा गुंडाळायचा. मग सगळ्यांना माझी गोम कळली: हा जाळीपाशी आला की चेंडू उंच, डोक्यावरून मागे टाकायचा. मागे पळून, टप्पा पडू देऊन निवांत मारायचा, एवढंच मी करायचं होतं. मला कळायचं, जमायचं नाही. शेवटच्या सामन्यात एका गुणावर विजय होता आणि असाच चेंडू आला. सोडला असता तर बाहेर पडला असता. मी उडी मारून मारला आणि जाळीत घातला. पुढे सामनाही गेला.

यंदा बाबांनी जेसीबी बोलावून कोर्ट कंबरभर खोदलं आणि मुरूम भरला. नातीसाठी. माझ्या नऊ वर्षांच्या मुलीला घेऊन मी गेलो. भर उन्हाळ्यात एक भेग नव्हती. माझं डोकं फिरलं.

“माह्या वेळी काहून नाही खोदलं?”

बाबा खाटेवर सुपारी कातरत होते. “तवा गोदामाले खोदलं ना.”

“तेच विचारून राह्यलो. गोदामाले खोदलं, मले काहून नाही?”

“गोदामात माल येनारच होता,” ते म्हणाले. “तू खेळशीन याचा काय भरोसा होता?”

अडकित्ता चालूच होता. मी रॅकेट उचलली, पोरीसमोर उभा राहिलो आणि मुद्दाम तिच्या डोक्यावरून उंच चेंडू टाकला. ती मागे गेली, टप्पा पडू दिला आणि चेंडू माझ्या शेजारून सरळ काढला. बाबांनी अडकित्ता ठेवून टाळ्या वाजवल्या. माझ्यासाठी त्या कधी वाजल्या नव्हत्या. मला पोटच्या पोरीचा हेवा वाटला.

पुढचा चेंडू मी आणखी उंच टाकला.