आवाज जाण्याआधीचं जेवण

डेपोत त्याला सगळे भोंगा म्हणत. एकदा बसचा हॉर्न बिघडला, तर हा कंडक्टर दारातून डोकं बाहेर काढून अख्खा रस्ता ओरडत गेला आणि गर्दी खरोखरच बाजूला झाली. तेव्हापासून ते नाव चिकटलं.

आवाज मोठा, मन साफ, पण जिभेला हाड नाही. आई गेली त्या दिवशी धाकटा भाऊ उशिरा पोचला. तो लिफ्ट दुरुस्त करायचा. कामासाठी परगावी अडकला होता. त्याने उंबऱ्यात पाऊल ठेवलं न ठेवलं, तोच भोंगा सगळ्यांदेखत गरजला, "आता कशाला आलास? तू आला नसतास तरी चाललं असतं."

धाकटा मागे फिरला, तो फिरलाच. एकाच शहरात राहून दोघांत वर्षानुवर्षं अबोला. वहिनी आणि पुतणीशी तो बोलायचा, पण दादाचं नाव निघालं की विषय बदलायचा.

मग भोंग्याचा आवाज बसायला लागला. सर्दी असेल म्हणून काढे झाले, गोळ्या झाल्या. शेवटी डॉक्टरांनी तपासून सांगितलं, घशाचा कॅन्सर आहे, स्वरयंत्र काढावं लागेल.

"आणि बोलणं?" त्याने विचारलं.

डॉक्टरांनी नकारार्थी मान हलवली.

घरी बायको डोळे पुसत बसली. तो घोगऱ्या आवाजात म्हणाला, "शांतता हवी म्हणायचीस ना? घे आता." ती हसली नाही.

ऑपरेशनच्या आधी सगळ्यांनी बाहेर जेवायचं त्याने ठरवलं. त्याच्या बसच्या शेवटच्या थांब्यासमोर एक छोटं इटालियन हॉटेल होतं. मालकाने इटली नकाशावर तरी पाहिली असेल की नाही, देव जाणे, पण वास भूक चाळवणारा यायचा. बायको कितीदा म्हणाली होती, एकदा जाऊ या. आणि दर वेळी याचं उत्तर ठरलेलं, "माझा आवाज ऐकून माणसं ताट टाकून पळतील."

त्याने मुलीला बोलावलं. "काकाला फोन कर. जेवायला ये म्हणावं. पण आजाराचं सांगायचं नाही."

"का, बाबा? कळलं तर धावत येईल तो."

"म्हणूनच. कीव करून यायला नको. मला त्याच्याशी बोलायचंय, आवाज आहे तोवर."

मुलीने निरोप दिला. काका म्हणाला, "बघतो."

तिघं जाऊन बसली, चौथी खुर्ची त्याने आपल्या शेजारी ठेवून घेतली. दार उघडलं की त्याची मान वळायची. घास उतरत नव्हता म्हणून त्याच्यासाठी टोमॅटोचं सूप आणि मऊ शिजवलेला पास्ता मागवला. बायको आपल्या पास्त्याच्या लांब शेवया काट्याला गुंडाळायला गेली की त्या निसटून परत बशीत. "अगं, पकड त्यांना, बिनतिकिटाच्या आहेत," तो म्हणाला. मग त्याने थांब्यांची नावं पुकारायची नक्कल केली, फाटक्या आवाजात. मुलगी हसता हसता रडायला लागली, आणि ते लपवायला आणखी मोठ्याने हसली. बायकोही हसली.

वेटरने दोनदा विचारलं, अजून कोणी येणार आहे का. दुसऱ्यांदा भोंग्याने रिकाम्या खुर्चीवरचा हात काढला आणि तो म्हणाला, "न्या."

पुतणीने हट्टाने फोन करून आजाराचं सांगितलं तेव्हा ऑपरेशन होऊन गेलं होतं. धाकटा कामाच्या कपड्यांतच दवाखान्यात आला. भोंगा पलंगावर होता, नाकात नळी, गळ्याला पट्ट्या. धाकट्याने स्टूल ओढलं आणि खाली बघत बोलायला लागला.

"दादा, मी आलो होतो त्या दिवशी. हॉटेलच्या दारापर्यंत. काचेतून तुम्ही दिसलात, तिघं हसत होता. म्हटलं, माझ्यावाचून यांचं छान चाललंय. गेलो परत."

भोंग्याने डोळे मिटले. मग उघडले आणि ओठ हलवले. आवाज आला नाही. पुन्हा हलवले.

"काय? उशी?" धाकटा उठला. "उशी नीट करू?"

भोंग्याने नाही म्हणून मान हलवली, परत ओठ हलवले. धाकट्याला काही उमजेना. त्याने अलगद भावाचं डोकं उचललं, उशी सारखी केली, पुन्हा टेकवलं. "आता बरंय?"

भोंगा त्याच्याकडे बघत राहिला. मग त्याने मान डोलावली.

बायको पायाशी उभी होती. तिला कळलं होतं, पण तिथे तिच्याने बोलवेना. धाकटा निघाला तेव्हा ती जिन्यापर्यंत गेली.

"भाऊजी, उशी नव्हते मागत ते. 'चुकलं' म्हणत होते. 'चुकलं माझं.'"

धाकटा पायरीवर बसला. वरखाली जाणारी माणसं त्याला वळसा घालून जात होती.

त्यानंतर तो दर रविवारी घरी यायचा. सगळं बोलणं त्याचंच: कुठली लिफ्ट अडकली, कोण आत सापडलं, आई कशी रागवायची. भोंगा ऐकायचा, कधी नुसते खांदे हलवून हसायचा. लिहायला वही दिली तर भोंगा ती बाजूला सारायचा, पण ओठांवरचे शब्द धाकट्याला शेवटपर्यंत ओळखता आले नाहीत. वहिनीला विचारून घ्यावे लागायचे. आजार पुढच्या वर्षी परत आला आणि या वेळी थांबला नाही.

भोंगा गेला तेव्हा धाकटा त्याच्याजवळच होता. शेवटी ओठ हलले होते, हे त्याने पाहिलं. वहिनी तेवढ्यात स्वयंपाकघरात गेली होती.