पूजेचा नाडा आणि मॅडमचा खांदा

“बाईमाणसाला धक्का सोसत नाही, फौजी. तुम्ही फक्त ‘रायफल ओके आहे’ एवढं लिहून द्या. बाकी कमिटी बघून घेईल.”

हे आमच्या रायफल क्लबचे अध्यक्ष, भाऊसाहेब. कापसाचं जिनिंग आहे त्यांचं. कापसातलं त्यांना सगळं कळतं आणि रायफलीतलं त्याहून जास्त कळतं, असं त्यांचं स्वतःचं मत. मी फौजेत आर्मरर होतो. आर्मरर म्हणजे हत्यारांचा मेकॅनिक. रिटायर होऊन बुऱ्हाणपुरात आलो तेव्हापासून क्लबच्या रायफली फुकटात बघतो. फुकट काम करणाऱ्याला कोणी काही विचारत नाही, सही हवी असली तर मात्र घरी गाडी पाठवतात.

बाईमाणूस म्हणजे सुनीता मॅडम, शाळेत गणित शिकवते. इंदूरच्या सामन्याला क्लबचे चार जण जाणार होते. तिचं नाव पहिलं होतं. दसऱ्यानंतर तिच्या गोळ्या भरकटायला लागल्या. तशा सगळ्यांच्याच भरकटत होत्या, कारण क्लबकडे ३१५ बोअरची रायफल एकच. पण भाऊसाहेबांची गोळी चुकली की वारा. खजिनदारांची चुकली की काडतूस जुनं. सुनीताची चुकली की खांदा. वा रे वा तपास! दुसऱ्या दिवशी नावं पाठवायची होती आणि तिचं नाव कापायला कमिटीला माझा कागद हवा होता.

मी म्हटलं, “आधी पाच राउंड चालवून बघतो. मग लिहितो.”

“अरे, स्कोप इम्पोर्टेड आहे! त्यात काय बघायचं?”

“इम्पोर्टेड आहे म्हणूनच बघतो. परत पाठवायला लांब पडेल.”

जैनाबादच्या पुढे केळीच्या बागा संपतात, तिथे आमची रेंज. समोर शंभर मीटरवर मातीचा उंच बांध. भाऊसाहेब, खजिनदार आणि कमिटीची मंडळीही आली. सुनीता आधीच येऊन बसली होती. मला बघून म्हणाली, “काका, खोट माझ्यातच असेल हो. दोन महिने झाले, डोळ्यांत ड्रॉप टाकते. खांद्याला रोज शेक देते. फर्क काहीच नाही.”

तेव्हा माझं डोकं फिरलं. गोळी कुठे गेली त्याचं मला दुःख नव्हतं. चांगल्या नेमबाजाला सगळ्यांनी मिळून स्वतःवरच शंका घ्यायला लावली, याचा संताप आला. तिला म्हटलं, “तू ड्रॉप बंद कर. आज डॉक्टर मी आहे आणि पेशंट ही रायफल आहे.”

आता थोडं समजून घ्या. स्कोप म्हणजे रायफलीवरची दुर्बीण. ती ज्या बैठकीवर बसते तिला माउंट म्हणतात. माउंटला दोन रिंगा असतात, त्या दुर्बिणीची नळी पकडून ठेवतात. गोळी सुटली की रायफल झटक्याने मागे येते. स्कोपला मात्र जागेवरच राहायचं असतं. बस एकदम सुटली की उभा माणूस मागे जातो ना, तसंच. तो सगळा झटका त्या रिंगा आणि बारके स्क्रू झेलतात. लोखंड तेवढ्यापुरतं वाकतंसुद्धा. वाकू दे, पण परत होतं तिथे आलं पाहिजे. एका रिंगेत केसाएवढा फरक राहिला, तर शंभर मीटरवर गोळी चार बोटं सरकते. त्यात वारा नाही आणि खांदाही नाही.

मी पेन्सिलीने एक बारीक रेघ ओढली, अर्धी रिंगेवर, अर्धी नळीवर. सुनीताला म्हटलं, मार पाच. तिने मारल्या. कागदावर छेद ताटाएवढे पसरले. तिने मान खाली घातली. मी कागदाकडे बघितलंच नाही, रेघ बघितली. रेघ तुटली होती. नळी पुढे सरकली होती.

“भाऊसाहेब, जरा इकडे या.”

मी मागच्या रिंगेचे स्क्रू काढले, वरची टोपी उचलली. आत लाल नाडा, पूजेत मनगटाला बांधतात तो दोरा. नळीला चांगले तीन वेढे, त्यावर कुंकू, त्यावर तेल. बाहेर दिसणारी टोकं अगदी सफाईने कापलेली.

“हे काय?” मी विचारलं.

“दसऱ्याची शस्त्रपूजा केली ना. मागच्या साली वरून बांधलेला नाडा गळून पडला, अपशकुन झाला. म्हणून या वेळी मी स्वतः रिंगेच्या आत दाबला. अन् पकडही मस्त आली!”

“मस्तच आली. देवाला पकडलं, स्कोपला सोडलं.”

दोऱ्याचं असं असतं, स्क्रू कितीही आवळा, तो दबतो. वरून सगळं टाईट वाटतं. प्रत्येक धक्क्याला नळी त्या तेलकट दोऱ्यावर थोडी घसरते.

“पण फौजी, नाडा काढला तर...”

“काढत नाही हो. बदली करतो. आपल्याकडे तर मोठमोठ्यांची होते.”

नाडा रायफलीच्या पट्ट्याला बांधला. रिंगा आणि नळी स्पिरिटने पुसल्या. स्क्रू आलटून पालटून, थोडे थोडे आवळले. सुनीताने तीन गोळ्यांत नेम जुळवून घेतला आणि मग नव्या कागदावर पाच मारल्या. कागद आणला, तर पाचही छेद एका पुरीखाली झाकतील असे. तिने छेद बोटाने दोनदा मोजले.

तिथेच उभ्या उभ्या कमिटीने तिचं नाव पहिलं लिहिलं. भाऊसाहेब पुढे झाले, सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, “बघा मॅडम, मेहनत केली तर खांदा सुधरतो का नाही?”

सुनीता शांतपणे म्हणाली, “सुधरला ना सर. काकांनी त्याचे स्क्रू काढले, आत तुमचा नाडा निघाला.”

खजिनदारांना एकदम खोकला आला.

आमच्या धंद्याची शिकवण काही मोठी नाही. माणसात खोट काढायला एक मीटिंग पुरते. रिंग उघडून बघायला पंधरा मिनिटं लागतात, आणि मोठ्या लोकांकडे तेवढा वेळ कुठला?