बिनभिंतीची फ्रेम

नाशिकच्या सिडकोत उज्वलाकडे फ्रेम करायला जायचं असेल तर आधी घरची भिंत नीट बघून जावं, नाहीतर ती परत पाठवते. माणूस हौसेने फोटो टेबलावर ठेवतो, सोनेरी पट्टीकडे बोट दाखवतो आणि ही बाई चष्म्यावरून बघत विचारते, "कोणत्या भिंतीला लावणार?" गिऱ्हाईक म्हणतं, हॉलमध्ये. हॉलला भिंती चार. मग ती भिंत पश्चिमेची आहे का, दुपारचं ऊन येतं का, पलीकडे बाथरूम आहे का, खाली सोफा आहे की टीव्ही, अशी सगळी उलटतपासणी झाल्याशिवाय पट्टी बाहेर निघत नाही. काही लोक कंटाळून दुसरीकडे जातात. त्यांच्या फ्रेमा दोन पावसाळ्यांत पोट फुगवून उज्वलाकडेच दुरुस्तीला येतात, आणि तेव्हा ती काही बोलत नाही. नुसती बघते. ते बोलण्यापेक्षा वाईट.

तिचं म्हणणं एवढंच, की फ्रेमचं लग्न फोटोशी लागत असलं तरी संसार तिला भिंतीशी करायचा असतो. ओल धरणाऱ्या भिंतीवर भुशाच्या बोर्डाची पट्टी टिकत नाही. स्वयंपाकघरात देवीचा फोटो लावायचा तर फायबरची पट्टी बरी, तेलकट झाली की ओल्या फडक्याने पुसता येते. उन्हाच्या भिंतीवर लग्नाचा फोटो लावला तर काही वर्षांत नवरी पांढरीफटक आणि नवरा निळसर. आंब्याचं लाकूड स्वस्त पडतं, पण त्याला भुंगा लागायला वेळ लागत नाही. सागवानासारखं दुसरं काही नाही, मात्र ते पेलणारी भिंत हवी आणि भिंतीत खिळा ठोकू देणारं माणूस घरात हवं. एका निवृत्त साहेबांना आपलं मानपत्र दाराएवढ्या फ्रेममध्ये हवं होतं. उज्वला भिंत बघायला म्हणून त्यांच्या घरी गेली, तर त्यांच्या बायकोने चहा देता देता हळूच सांगितलं की त्या भिंतीवर घड्याळ येणार आहे. मानपत्र वहीच्या पानाएवढ्या फ्रेममध्ये बसलं आणि तो संसार वाचला, असं उज्वला सांगते. यात थोडं तिखटमीठ असणार.

हा धंदा तिने ठरवून काढलेला नाही. मेन रोडवरच्या एका फ्रेमच्या दुकानात ती बरीच वर्षं कामाला होती. लॉकडाउनमध्ये मालकांनी दुकान आवरलं, आणि कोपरे कापायचं यंत्र भंगारात जाण्याऐवजी रिक्षात बसून तिच्या घरी आलं. नवरा योगेश अंबडच्या कंपनीत आहे. तो म्हणाला, हे ठेवणार कुठे? आणि मग त्यानेच बुटांचं कपाट काढून जागा केली. आता लांबच लांब पट्ट्या पलंगाखाली, काचा कपाटामागे आणि भुसा घरभर. योगेशच्या मते तो भाजीतही असतो.

तर अशा या उज्वलाने एकदा, आयुष्यात एकदाच, भिंत विचारली नाही.

तिचं माहेर देवळ्याचं. वडील पुंजाराम, त्यांना सगळे नाना म्हणतात, आई बायडाबाई. जमीन बेताची, कांदा भरपूर. थोरला भाऊ शेतीवर, धाकटा अमोल लासलगावला एका व्यापाऱ्याकडे कामाला. आई वारली, तिचं वर्षश्राद्ध झालं, आणि त्याच दुपारी ओसरीवर बसून भावांनी नानांचं ठरवलं. चार महिने लासलगावला, चार महिने देवळ्याला. भांडण झालं नाही, कुणी आवाज चढवला नाही. दोघंही वडिलांना सांभाळायला तयार होते, म्हणून तर वाटणी सोपी गेली. उज्वला तिथेच होती. लेकीला अशा वेळी विचारत नाहीत, आणि तीही बोलली नाही. नाना मान हलवत होते. ही पद्धत गावात घरोघर आहे, त्यात कुणाला वावगं वाटलं नाही.

पुढे काही दिवसांनी नाना नाशिकला आले. पंच्याहत्तरी ओलांडल्यापासून एसटी त्यांना फुकट, त्यामुळे त्यांचा प्रवास वाढला होता. पिशवीत बायडाबाईंचा फोटो होता. अमोलच्या लग्नातला, डोक्यावर पदर, नाकात नथ, आणि कुणीतरी हसवलेलं असावं असा चेहरा. हिला चांगली फ्रेम कर, एवढंच ते म्हणाले.

उज्वलाने जीव ओतला. जुन्या सागवानाची रुंद पट्टी तिने कधीपासून जपून ठेवली होती, ती काढली. जाड काच घातली. काचेला फोटो चिकटू नये म्हणून मध्ये मोतिया रंगाच्या पुठ्ठ्याची चौकट, म्हणजे माउंट, मागे चांगला हार्डबोर्ड, वर हारासाठी पितळी खुंटी. फ्रेम इतकी देखणी झाली की योगेशनेही भुशाबद्दल अवाक्षर काढलं नाही. भिंत तिने गृहीत धरली होती. देवळ्याच्या घराची समोरची भिंत, दुसरी कुठली असणार? जन्मापासून पाहिलेली भिंत, तिथे विचारायचं काय! दिव्याखाली अंधार असतो तो असा. नानांनी फ्रेम दोन्ही हातांनी उचलली, "लय झ्याक," म्हणाले आणि मांडीवर घेऊन एसटीत बसले.

आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, उज्वला माहेरी गेली. त्या बाजूला दिवाळीपेक्षा आखाजीला लेकी माहेरी येतात. नवी घागर भरतात, पितरांना नैवेद्य दाखवतात, पोरी झोके खेळतात. नानांची पाळी तेव्हा लासलगावला होती, पण सणापुरते तेही आले होते. घरात शिरताच उज्वलाची नजर समोरच्या भिंतीवर गेली. तिथे दिनदर्शिका होती.

घागर मांडली तशी वहिनी म्हणाली, नाना, आईंना आणा. नाना आत गेले आणि आपली कपड्यांची पिशवी घेऊन आले. आईच्या जुन्या लुगड्यात गुंडाळलेली फ्रेम त्यांनी सोडवली. एका कोपऱ्यातून काचेला तडा गेला होता. सागवानाचे चारही कोपरे ठेचलेले होते. लुगड्याची ती घडी इतकी सवयीची होती, की हे सोडणं-बांधणं पहिल्यांदा होत नाही हे उज्वलाला विचारावं लागलं नाही.

दुपारी तिने वहिनीकडून सगळं काढून घेतलं. अमोलने लासलगावला नवं घर घेतलंय, भिंतींना भारी रंग दिलाय, आणि त्यांत खिळा मारायचा नाही असं ठरलंय. अमोलची बायको वाईट नाही. तिने कपाटावर जागा करून दिली होती. पण कपाटावर ठेवलेलं माणूस दिसत नाही, म्हणून नाना फ्रेम आपल्या पलंगाखाली ठेवतात आणि रोज सकाळी काढून पुसतात. देवळ्याला थोरल्याने खिळा ठोकायची तयारी दाखवली होती. पण फोटो देवळ्याला टांगला की नाना लासलगावला असताना काय करायचं? म्हणून मग फ्रेम त्यांच्याबरोबर फिरत होती, कधी पिशवीत, कधी मांडीवर, कधी एसटीच्या सीटखाली.

उज्वलाला स्वतःची लाज वाटली. जगाला भिंत विचारणारी बाई, आणि आपल्या बापाला भिंत उरलेली नाही हे तिला दिसलं नव्हतं. दिसायला काय, ओसरीवर तिच्यासमोर ठरलं होतं. तिने आईसाठी फ्रेम केली नव्हतीच. आपल्या मनातल्या जुन्या घरासाठी केली होती, आणि तिचं ओझं म्हाताऱ्याच्या हातात दिलं होतं. नानांना तिने विचारलं तर ते म्हणाले, वजन जरा जास्ती हे, पण फ्रेम चांगलीये. तक्रार म्हणून नाही. खरंच चांगली वाटत होती त्यांना.

ती मोठी फ्रेम काच बदलायला म्हणून उज्वला नाशिकला घेऊन आली. आणि येताच दुसरी करायला बसली. बिनभिंतीची फ्रेम तिने आजवर केलेली नव्हती. काच नको, फुटते, अ‍ॅक्रेलिक घातलं. सागवान नको, जड. हलक्या पाइनची बारीक पट्टी घेतली आणि कोपरे पॉलिश कागदाने घासून इतके गोल केले की पिशवीत कशाला टोचणार नाहीत. खुंटी नको. मागे घडी होणारा पाय लावला, म्हणजे खिडकीत, ट्रंकेवर, उशाशी, कुठेही उभी राहील. फोटो छोटा करून आणला. माउंट काढून टाकावं का, याचा तिने बराच विचार केला. माउंटशिवाय फोटो मोठा बसत होता, पण नाना रोज पुसणार, पाणी आत गेलं तर चेहरा चिकटणार. तिने माउंट ठेवलं आणि चेहरा लहान होऊ दिला. पट्टीचा रंग निवडताना मात्र ती अडली. शेवटी काहीच रंग दिला नाही, नुसतं तेल लावलं.

पेरण्यांच्या आधी नाना आले. छोटी फ्रेम त्यांनी हातात धरली, पाय उघडून टेबलावर उभी केली, थोडं मागे सरून पाहिली, परत मिटली. दोनतीनदा केलं. हे बरंय, म्हणाले. मग उज्वलाने जे कित्येक दिवस घोकलं होतं ते बोलून टाकलं.

"नाना, तुम्ही इथंच राहा ना. योगेशलाही चालतंय, मी विचारलंय."

नाना हसले. त्यांच्या वडिलांनी तर लेकीच्या गावचं पाणीही घेतलं नव्हतं. नाना निदान चहा घेत, जेवायची वेळ आली की एसटीचं निमित्त काढून उठत. एवढा काळ बदलला होता, पण तेवढाच. ते म्हणाले, "दोन ल्योक हेत मला. लेकीकडं ऱ्हायलो तं लोक त्यांच्या तोंडात शेण घालतील. चांगले हेत गं ते."

भाऊ चांगले होते, हेच तर अवघड होतं. वाईट असते तर तिने भांडून बापाला घरी आणलं असतं. तिला रडू आलं आणि तिने ते लपवलं नाही. योगेश उगाच पाणी घेऊन आला.

मोठी फ्रेम भिंतीला टेकवून ठेवलेली होती, नवी काच घातलेली. कोपरे तिने मुद्दाम तसेच राहू दिले होते. नाना त्या फ्रेमकडे बघत राहिले. मग उठले, काठी टेकत या खोलीतून त्या खोलीत गेले, भिंतींवरून हात फिरवला, एका ठिकाणी बोटाने टकटक केलं. उज्वला ज्या टेबलावर पट्ट्या कापते, त्याच्यासमोर येऊन थांबले. तिथे नमुन्याचे कोपरे टांगलेले होते.

"ही मोठी हितं लाव," ते म्हणाले. "मला लेकीकडं ऱ्हाता यायचं नाय. तिला कोन नाय म्हनतंय? तिची कुठं पाळी लावलीये कुनी."

उज्वला बघतच राहिली. आई हयात असताना या घरी एका दुपारहून जास्त थांबली नव्हती. योगेशने नमुने उतरवले आणि ड्रिल आणायला गेला. फ्रेम सरळ बसली की नाही ते नानांनीच लांबून सांगितलं, जरा डावीकडं, जरा वर, हां. मग ते समोरच्या पलंगावर बसले आणि बसूनच राहिले. एसटीचं निमित्त त्यांनी काढलं नाही.

त्यानंतर नाना येतात. कधी देवळ्याहून, कधी लासलगावहून, जिथे पाळी असेल तिथून. छोटी फ्रेम पिशवीत असते, तरी येतात. कुठे निघालात असं कुणी विचारलं तर सांगतात, नाशिकला, हिला भेटायला. सुना डबा बांधून देतात, मुलगे स्टँडवर सोडायला जातात. आले की दोन दिवस थांबतात, कधी चार, पावसात एकदा आठवडा झाला. उज्वला पट्ट्या कापते, नाना पलंगावर बसून भिंतीकडे बघत बोलतात, जेवतात, झोपतात. त्याला कुणी राहणं म्हणत नाही.