मामांचं नख

वर्कशॉपमध्ये त्यांना सगळे मामा म्हणायचे, कारण मालक त्यांचा जावई होता आणि तो त्यांना मामा म्हणायचा. गाड्यांच्या पुढच्या काचा दुरुस्त करण्यात त्यांचं आयुष्य गेलं. खडा उडून काचेला टवका गेला की गिऱ्हाईक बोट दाखवत यायचं, आणि मामा अंगठ्याचं मुद्दाम वाढवलेलं नख त्या जागेवरून हळूच ओढायचे. बाहेरून नख अडलं तर वरचाच थर फुटलाय, टवक्यात पातळ डिंकासारखं रसायन भरायचं. आतून अडलं, किंवा तडा कडेला पोचला, तर काच बदलायची. ‘डोळ्यांवर जाऊ नका, नखावर जा,’ हे ऐकून ऐकून आमचे कान किटले होते.

तोंडाने माणूस फार वाईट. मी भरलेल्या एका टवक्यात बुडबुडा राहिला, तर गिऱ्हाइकासमोर त्यांनी मला विचारलं, ‘काच भरलीस की नाक शिंकरलंस?’ ते मी विसरलो नाही. विसरायचं मनातही नव्हतं.

त्यामुळे त्यांची नजर अधू होतेय हे आधी माझ्या लक्षात आलं, आणि मला बरं वाटलं. खोटं कशाला बोलू? दिव्याखाली कडक झालेलं रसायन पात्याने खरवडताना त्यांनी दोनदा धडधाकट काचेवर ओरखडे काढले. मी ते तिखटमीठ लावून जावयाच्या कानावर घातलं. त्याने मामांना घरी बसायला सुचवून पाहिलं. मामा म्हणाले, ‘बायको गेली तेव्हा या कामानं मला उभं ठेवलं. हे काढून घेतलंत तर मी महिनाही काढणार नाही.’

‘सांगून ऐकायचे नाहीत,’ जावई मला म्हणाला. ‘सगळ्यांसमोर दाखवूनच देऊ.’

त्याच्या बायकोच्या, म्हणजे मामांच्या लेकीच्या गाडीला ठरलेल्या सकाळच्या आदल्याच दिवशी मी नवी कोरी काच बसवली. तिने फक्त खडा लागलाय एवढंच म्हणायचं होतं. त्याआधी दोन दिवस ती नाही म्हणत राहिली होती, मग तयार झाली.

सकाळी आम्ही सगळे चहाचे कप घेऊन उभे राहिलो.

‘बाबा, इथं टवका गेलाय बघा. आरशाच्या खाली.’

मामांनी नख फिरवलं. मग गाडीत बसून आतून फिरवलं. पुन्हा बाहेर येऊन फिरवलं.

‘नक्की इथंच?’

‘हो बाबा. दिसत नाही का तुम्हाला?’

मग त्यांनी ती जागा पुसली, रबरी पकडीचा सांगाडा काचेवर चिकटवला, रसायनाचे थेंब सोडले, दिवा लावला, घड्याळ कानाशी नेऊन मिनिटं मोजली, पात्याने खरवडलं, फडक्याने चकाकी आणली. सगळं अगदी नेटकं. आम्ही एकमेकांना कोपर मारत होतो.

‘झालं,’ ते म्हणाले. ‘आता शोधूनही सापडणार नाही.’

आम्ही फुटलोच. सगळ्यात मोठ्याने मी हसलो.

‘मामा, काच कालच बसवलीय,’ जावई म्हणाला. ‘तिच्यावर साधा चरासुद्धा नाही. आता तरी पटलं का, तुम्हाला दिसत नाही ते?’

मामांनी फडकं घडी करून ठेवलं. लेकीच्या दिशेने तोंड करून म्हणाले, ‘नखाला काही लागलं नव्हतं. तीनदा बघितलं. पण तू म्हणालीस ना.’

आमचं हसू तिथंच विरलं. लेकीने त्यांचा दंड धरला. ‘बाबा, घरी चला. डोळ्यांचं ऑपरेशन करून घेऊ, मग या परत कामावर.’

‘हेही तसंच का गं?’ त्यांनी विचारलं.

तिने नवऱ्याकडे पाहिलं. त्याने माझ्याकडे. मामांची जागा त्याने आदल्या दिवशीच मला देऊन टाकली होती, हे आम्हा तिघांनाही ठाऊक होतं. मी पुढे होऊन त्यांची हत्यारं माझ्या पेटीत भरायला लागलो.