हळदीचा हात

मुरबाडला आमच्या शेजारची आजी गावातल्या तान्ह्या बाळांना न्हाऊ घाली. हळद लावताना तिचा हात सैल, आणि तोंड त्याहून सैल.

वहिनीचं बाळ पिवळं, सुस्त दिसतंय, असं मी एकदा घाबरतच म्हटलं.

"इंग्रजी शिकलीस गो, आन् हळद नाय वळखत?"

"पण आजी, डोळेही पिवळे आहेत."

ती थबकली. डोळ्यांना ती हळद लावत नसे. तिने बाळाला डाळीच्या पिठाने स्वच्छ धुतलं, उजेडात नेलं, नाकावर बोट दाबून सोडलं. दाबल्या जागची कातडी पिवळीच.

"ही माजी हळद नाय. गाडी जुंपा!"

डॉक्टरांनी कावीळ सांगितली, पुन्हा पुन्हा अंगावर पाजायला सांगितलं. बाळ सुधारलं. आजी मात्र आता भेटेल त्याची पापणी ओढून बघते. ती दिसली, की मी घरात पळते.