एका मायचा कळप

वैशाखातलं ऊन सकाळी आठालाच डोक्यावर येऊन बसलं होतं. परभणीच्या कॉलेजातल्या मागच्या खोलीत बिरूनं खिडकीचं गोणपाट भिजवलं, वाडग्यांखालच्या रेतीवर पाणी शिंपलं आणि गुडघे टेकून एकेक काचेचं वाडगं डोळ्यांपुढं धरायला लागला.

नवख्याला त्यात नुसतं पाणी दिसायचं. नीट निरखलं, की तळाला चिकटलेले नखाएवढे पांढरे दोरे दिसायचे, वरच्या टोकाला केसासारखे पाच-सहा हात. कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवणारे दिनकररावसाहेब त्यांना हायड्रा म्हणत. पाण्यातली पिसू त्या हातांना लागली, की लुळी पडायची. मग दोरा तिला सावकाश गिळायचा. मधून कापला, तर आठवड्यात दोन्ही तुकडे धडधाकट. लेकरू फुटायचं ते कमरेतून, झाडाला फांदी फुटावी तसं.

तीन वर्षांमागं चुडाव्याच्या तळ्यातून बिरूनंच शेवाळ आणलं होतं. त्यातला एकच दोरा साहेबांनी वेगळा ठेवला. आता अठरा वाडग्यांत होते ते सगळे त्या एका मायचे. ही जात म्हातारी होते का न्हाई, हे साहेबांना बघायचं होतं. रोजची नोंद वहीत. बाहेरचा एक जरी आत मिसळला, तरी तीन वर्षांचं काम मातीत. हे बिरूला दोनदा सांगावं लागलं नाही. कोणतं कोकरू कोणत्या मेंढीचं, हे धनगराला काय शिकवायचं? त्याची स्वतःची दीडशे मेंढरं सहा वर्षांमागं हगवणीच्या साथीत आठ दिवसांत आडवी झाली होती. तेव्हापासून तो इथं.

"काय बिरूदा, मेंढरं सोडून किडे राखायलास की!" कॉलेजचा माळी बन्सीधर खिडकीतून म्हणाला.

"राखायलोय. तुझ्या वाफ्यात तर घुसत न्हाईत न्हवं?"

साहेब वह्या घेऊन हैदराबादेला आपल्या गुरूंना भेटायला गेले होते. जाताना किल्ली हातात देऊन म्हणाले होते, "मी येईपर्यंत तूच यांचा मालक." मालक. किती वर्षांत त्याला कुणी असं म्हटलं नव्हतं.

त्याच दुपारी वाडग्यांचं पाणी निवळायचा रांजण तडकला. बिरू घरी आला तो चिंता घेऊनच.

"मग माझी घागर न्या की," कासाबाई म्हणाली. माहेरची तांब्याची घागर. मेंढरं गेल्यावर घरातलं किडूकमिडूक गेलं, पण बायकोनं ही सोडली नव्हती. तिनं ती चिंच लावून घासली, इतकी की बिरूला आपलं तोंड दिसलं. "देवाला ह्याच्यातलंच पानी लागतंय. तुमच्या दोऱ्यायला चालंल का?"

"चालंल? लय नशिबाचे हायत!"

रात्रभर पाणी घागरीत राहिलं. सकाळी बिरूनं त्याच पाण्यानं अठराही वाडगी बदलली. दुपारी बघतो, तर दोऱ्यांचे हात आखडलेले, टोकांना बारीक गाठी. उन्हाचा तडाखा असंल, असं त्याला वाटलं. त्यानं घागरीतलं थंड पाणी आणखी घातलं. सांजेपर्यंत दोऱ्यांचे गोळे झाले. दुसऱ्या दिवशी सकाळी अठराही तळांना नुसता धुरकट गाळ. रिकामी घागर त्यानं घरी नेऊन ठेवली; दोऱ्यांचं मात्र कासाबाईला सांगितलं नाही.

आठवड्यानं साहेब आले. ओरडले नाहीत, हेच वंगाळ.

"पाणी कशात ठेवलं होतंस?"

"तांब्याच्या घागरीत, सायब. चांगली घासूनपुसून."

साहेबांनी टेबलाची कड धरली. "तांबं यांना विष आहे, बिरू. जरासं उतरलं, तरी मरतात. मी सांगायला हवं होतं."

दुपारचं ते वरून ओतलेलं पाणी बिरूला आठवलं. "आज चुडाव्याला जातो, सायब. तळ्यात ढीगभर हायत..." बोलता बोलता तो थांबला. मेंढरं गेली, तेव्हा गावही म्हणालं होतं, बाजारात ढीगभर मिळत्यात.

साहेबांनी वहीत तारीख घातली, खाली एक आडवी रेघ ओढली आणि वही मिटली.

तो घरी आला, तर कासाबाई उंबऱ्याशी घागर घाशीत बसलेली.

"आले का सायब? माझ्या घागरीचं सांगितलंव का न्हाई?"

"सांगितलं."

"मग? काय म्हनले?"

बिरू तिच्या राखेनं माखलेल्या हातांकडं बघत राहिला. "समदे गेले. उनानं."

"आगं बया! येवढं थंडगार पानी दिलं, तरी?"

"तरी."

तिनं घागर पालथी करून पदरानं पुसली आणि त्याच्यापुढं सरकवली. "बूड टेकू नका आता. घरात घोटभर पानी न्हाई."

त्यानं खुंटीवरचा दोर काढला, घागरीच्या गळ्याला फास घातला आणि विहिरीची वाट धरली.